जुन्या जिप्सीचा कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जिप्सीचं पिकअप पडलं की आपल्याकडे पहिला हात जातो मिक्श्चर स्क्रूवर, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूवर. अर्धा आटा आत, अर्धा बाहेर, दोन दिवस बरं वाटते, मग पुन्हा मिसिंग, मग कोणी सांगते कार्बोरेटरच बदलून टाक भाऊ, मग मोठा कार्बोरेटर येतो, आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त पेट्रोल पिऊन चढावर पहिल्यापेक्षा लवकर दम सोडते. सामान चांगलंच असते, चुकतो तो क्रम. मिक्श्चर स्क्रू हे सगळ्यात शेवटचं काम आहे आणि लोकं तिथूनच सुरुवात करून राहिले, म्हणून हे सगळं ओळीने लिहून काढलं.

हे लिहिलंय कार्बोरेटरच्या जिप्सी किंगसाठी, म्हणजे १९९६ पासून आलेलं १२९८ सीसीचं जी१३बीए इंजिन. त्याआधीच्या ९७० सीसीच्या एफ१०ए इंजिनालाही क्रम हाच लागतो, फक्त जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोंड) आणि पॅकिंगची मापं वेगळी. २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी गाडी असेल तर यातलं काही तुमच्या कामाचं नाही.

## १. आधी इंजिन तपासा, पाना नंतर उचला

थकलेल्या इंजिनावर नवीन कार्बोरेटर लावून काही होत नाही. खालच्या गोष्टी जुन्या कार्बोरेटरवरच तपासून घ्या.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही सिलिंडरमधला फरक १ किलोच्या वर नको. एकच सिलिंडर पडलेला दिसला तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग गेलीय, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. दोन्ही केसमध्ये हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा.

टॅपेट, पॉइंट किंवा इग्निशन मॉड्यूल, डिस्ट्रिब्युटर कॅप, प्लगच्या वायरी, टायमिंग. टायमिंग लाईट लावूनच बघा, कानाने नाही. बोनेटखालचं स्टिकर किंवा मॅन्युअल जे सांगते तेच टायमिंग. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम ॲडव्हान्सची नळी तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि तोंड लावून धरलं तर तशीच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्रॅम फाटलेला आहे. हा फाटलेला डायफ्रॅम म्हणजे एक हवेची गळतीच, आणि कित्येक लोकं याच्यासाठी कार्बोरेटर दोन दोनदा खोलतात.

व्हॅक्युम गेज: मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या भागाला लावा. चांगल्या इंजिनात आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) काटा पाऱ्याच्या १७ ते २० इंचाच्या आसपास स्थिर राहतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे, त्यामुळे एखादा इंच कमी दिसला तर घाबरू नका. काटा ठराविक वेळाने टकटक पडत असेल तर व्हॉल्व्ह पाहा, खालीच पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठेतरी हवा घेऊन राहिली. हा आकडा वहीत लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

तपासा: कॉम्प्रेशन, टायमिंग, व्हॅक्युम हे तिन्ही आकडे कागदावर आले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. काय करायचं ते ठरवा

माझं मत सरळ आहे. पांदण रस्ता, नाला, काळ्या मातीचा चिखल, मेळघाटातला चढ, यासाठी गाडी वापरत असाल तर तुम्हाला १५०० ते ३००० आरपीएममध्ये ताकद पाहिजे. ६००० वर किती पॉवर मिळते याचा शेतात काही उपयोग नाही. त्यामुळे कार्बोरेटर जितका मोठा तितकं चांगलं हे डोक्यातून काढून टाका. शेतात पाईपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात लांब जाते, मॅनिफोल्डमधल्या हवेचंही तेच आहे: वाट प्रमाणाबाहेर मोठी केली की कमी रेसवर हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून बसतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गचका खाते.

तीन रस्ते आहेत.

पहिला, मूळ कार्बोरेटर नीट ओव्हरहॉल करणे आणि जेट आजच्या पेट्रोलप्रमाणे बदलणे. निम्म्याहून जास्त गाड्यांना एवढंच पुरते. अट एकच, थ्रॉटलच्या दांड्याला बाजूने हलवून बघा, खडखड हालत असेल तर बॉडी घासलेली आहे, तिथून हवा जाते, आणि अशा कार्बोरेटरला कोणतंच किट वाचवत नाही.

दुसरा, वेबर ३२/३६ अडाप्टर प्लेटवर बसवणे. याला दोन घसे असतात, पहिला ३२ मि.मी. चा आणि दुसरा ३६ चा, पहिला बराच उघडल्यावर दुसरा उघडायला लागतो. त्यामुळे हळू चालवताना तो लहान कार्बोरेटरसारखाच वागतो, म्हणून जिप्सीच्या इंजिनाला जमतो. जेट सुटे मिळतात, हा मोठा फायदा.

तिसरा, दुसऱ्या कोणत्या गाडीचा जुन्या बाजारातला कार्बोरेटर. मिळेल स्वस्त, पण केबलची बाजू, चोकची पद्धत, पायाचे बोल्ट आणि पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची दिशा चारही जुळल्याशिवाय घेऊ नका. आडव्या इंजिनाच्या कारमधला कार्बोरेटर उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनावर लावला की फ्लोटचा खड्डा वेगळ्या दिशेला येतो, आणि सपाट रस्त्यावर चांगली चालणारी गाडी चढावर गुदमरते.

इशारा: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल अशा बदलांबद्दल आहे. मूळ कार्बोरेटर दुरुस्त करणं वेगळं, दुसरा बसवणं वेगळं. बदलाआधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. जुना कार्बोरेटर फेकू नका, तेल लावून पिशवीत बांधून ठेवा.

## ३. सामान आधी, खोलणं नंतर

गाडी खोलून ठेवायची आणि मग एका पॅकिंगसाठी अमरावती-नागपूरच्या बसची वाट पाहायची, असं करू नका. हे सगळं हातात आल्यावरच सुरुवात करा:

- मॅनिफोल्डची पॅकिंग २ (एक बसवायला, एक मापाला), कार्बोरेटरच्या पायाची पॅकिंग, उष्णता अडवणारा बॅकेलाइटचा जाड स्पेसर
- कार्बोरेटर, अडाप्टर प्लेट, तिचे चपट्या डोक्याचे स्क्रू, थ्रेड लॉक
- आयडल जेट आणि मेन जेटच्या वरच्या-खालच्या दोन दोन मापांचे जोड
- पेट्रोलचा होज पाईप, एसएई जे३० आर९ लिहिलेला. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये जुना साधा रबर फुगतो आणि आतून सुटतो, ती काळी भुकटी थेट फ्लोटचं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकते
- व्हॅक्युमची नळी, रबरी टोप्या, क्लॅम्प, पेट्रोल फिल्टर, कूलंट
- टॉर्क पाना, फिलर गेज, सरळ धारेची स्टीलपट्टी, व्हर्नियर
- पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर, आणि बाजूला वाळूची बादली

काम कुठे करता तेही पाहा. गोठ्याशेजारी कडबा, ओसरीत कापसाचा ढीग, आणि मधे जिप्सी उघडी, हे चालणार नाही. मोकळ्या हवेत, सावलीत, बिडी-अगरबत्तीपासून लांब.

## ४. उतरवणं

आदल्या रात्री मॅनिफोल्डच्या सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना सुरुवात.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ही पहिली.
२. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. मग प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाका, आणि नळी ज्या तोंडावरून निघाली त्यालाही तोच नंबर. फोटो काढलाय म्हणून नंबर टाळू नका, व्हॅक्युमच्या नळ्या फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात.
३. कूलंट काढा. मॅनिफोल्डमधून गरम पाणी फिरते, हे विसरून नट सोडले की ते पाणी सिलिंडरच्या वाटेत उतरते.
४. एअर फिल्टरचा डबा, केबल, चोक, पेट्रोलच्या नळ्या. नळी सोडताना खाली फडकं धरा, सांडलेलं पेट्रोल लगेच पुसा आणि फडकं बाहेर उन्हात टाका.
५. कार्बोरेटर, मग मॅनिफोल्ड. नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत. मॅनिफोल्ड निघत नसेल तर एखादा नट खालच्या बाजूला राहिलाय, पहारीने उपटू नका.
६. हेडच्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे कोंबा आणि किती कोंबले ते मोजून ठेवा. कापूस कोंबू नका, घरात कितीही असला तरी, त्याचे तंतू व्हॉल्व्हवर जातात.

स्टड फिरायला लागला किंवा तुटला तर तिथेच थांबा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये घरी ड्रिल मारून वाट चुकली की हेड उतरवावं लागते. ते लेथवाल्याकडे नेण्याचं काम आहे.

## ५. मॅनिफोल्डवर हात कसा चालवायचा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे जरा थांबतो.

साफ करताना कॉस्टिक सोड्यात उकळू नका. लोखंडी भागांना चालते ते, पण मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते. डिग्रीझर, नायलॉनचा ब्रश, गरम पाणी. जुनी पॅकिंग लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. छिन्नीने एक ओरखडा पडला की तिथून हवा घेणार.

सपाटी. स्वच्छ तोंडावर स्टीलपट्टी उभी धरा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, आणि खालून ०.१० मि.मी. ची फिलर घालून पाहा. शिरली तर तोंड वाकलंय, मशीनवर फेस मारून घ्या. डबल पॅकिंग लावून काम भागवणारे पुष्कळ आहेत, पण डबल पॅकिंग गरम-थंड होऊन सैल पडते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच शिट्टी. पाण्याच्या वाटेजवळ खड्डे पडलेले असतात, तिथे नख फिरवून बघा. खड्डा पॅकिंगच्या बसण्याच्या जागेत आला असेल तर वेल्डिंग भरून फेस मारणं हाच उपाय.

तोंड जुळवणं. पोर्ट मॅचिंग म्हणतात ते हेच. सगळे पॅकिंग घेऊन तिच्या भोकाच्या मापाने कोरायला लागतात. चूक इथेच होते. पॅकिंगचं भोक पुष्कळदा हेडच्या पोर्टपेक्षा मोठं असते. मग मॅनिफोल्ड हेडपेक्षा मोठा कोरला जातो, आणि आत येणारी हवा सरळ हेडच्या धारेवर आपटते. त्यापेक्षा हात न लावलेला मॅनिफोल्ड परवडला.

बरोबर पद्धत अशी: हेडच्या पोर्टच्या काठाला अगदी पातळ ग्रीस लावा, जुन्या फाईलचा पुठ्ठा स्टडवर भोकं पाडून बसवा आणि बोटाने दाबा. पोर्टचा ठसा उमटते. तो कापा, स्टडची भोकं जुळवून मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवा आणि खिळ्याच्या टोकाने रेघ मारा. आता कळेल कुठे किती काढायचं. मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा अर्धा मि.मी. लहान राहिलं तर चालेल, मोठं नको.

कोरण्याआधी व्हर्नियरने भिंतीची जाडी मोजा. डाय ग्राइंडरला ॲल्युमिनियमसाठीचा जाड दातांचा कार्बाइड बर लावा, दात भरू नयेत म्हणून मधे मधे मेणबत्ती घासा. तोंडापासून १० ते १५ मि.मी. आत निमुळतं मिसळवत न्या आणि थांबा. पूर्ण नळी मोठी करत जाऊ नका, कारण वर सांगितलं तेच. शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हात फिरवा आणि तेवढंच ठेवा. आरशासारखी चमक मारून देणारे कारागीर भेटतात, पण इनटेकला ती चमक नकोच, जरा खरबरीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब पुन्हा हवेत मिसळतात.

इशारा: ग्राइंडिंग फक्त उतरवलेल्या मॅनिफोल्डवर. हेड गाडीवर असताना त्याच्या पोर्टमध्ये बर घालायचा नाही.

मग साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, कॉम्प्रेसरने प्रत्येक वाटेतून हवा मारा, आणि पांढरं ओलं फडकं आतून ओढून काढा. चमकणारा एक कण जरी फडक्यावर दिसला तरी पुन्हा धुवा.

एक प्रश्न उन्हाळ्यात नेहमी येतो: मॅनिफोल्डचं गरम पाणी बंद करून टाकू का, चंद्रपूरकडे ४५-४६ डिग्री असते? नका करू. थंड मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल नीट वाफ होत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे त्याच गाडीला चोक ओढून अर्धा किलोमीटर न्यावं लागेल. उन्हाळ्याचा त्रास कार्बोरेटरच्या पायात आणि पेट्रोलच्या लाईनीत असतो, तो तिथेच सोडवायचा.

## ६. अडाप्टर आणि कार्बोरेटर, आधी टेबलावर

इंजिनावर चढवण्याआधी सगळं टेबलावर जोडून पाहा.

अडाप्टर प्लेट मॅनिफोल्डवर ठेवा, खालून बोट फिरवा. पायरी लागली तर तेवढी धार मिसळवून घ्या. अडाप्टरचे स्क्रू थ्रेड लॉक लावून कसा, डोकी प्लेटच्या वर यायला नको. यातला एखादा स्क्रू सैल झाला तर तो थेट इंजिनात पडतो.

मग कार्बोरेटर त्यावर बोल्ट करून हाताने थ्रॉटलच्या दोन्ही पाकळ्या (हवेची वाट उघडणाऱ्या गोल चकत्या) पूर्ण उघडा-मिटा. कुठेही अडकायला नको, घासल्याचा आवाज यायला नको. पाकळ्या उघडताना खाली येतात आणि प्लेटचं किंवा पॅकिंगचं भोक जरासं लहान असलं तर तिथे अडकतात. हे रस्त्यावर कळलं तर रेस अडकलेली गाडी हातात असते.

फ्लोटची उंची इथेच पाहून घ्या. ३२/३६ ला झाकण उभं धरून, पॅकिंग न धरता, फ्लोटची जीभ नीडलच्या गोळीला नुसती टेकलेली असताना, पितळी फ्लोटला ४१ मि.मी. आणि प्लास्टिकच्या फ्लोटला ३५ मि.मी. खडकाळ रस्त्यावर आणि चढावर पेट्रोल वरून सांडत असेल तर पातळी एखाद मि.मी. खाली ठेवायला हरकत नाही, त्यापेक्षा जास्त खाली नेली तर लांब चढावर पेट्रोल कमी पडते.

आता चढवा. क्रम: नवी पॅकिंग, मॅनिफोल्ड, स्पेसर, अडाप्टर, कार्बोरेटर. मॅनिफोल्डचे ८ मि.मी. चे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी २० ते २५ न्यूटन-मीटर. कार्बोरेटरच्या पायाचे नट चारही आलटून पालटून, हलक्या हाताने. जोर लावला की पाय वाकतो आणि थ्रॉटलचा दांडा जड होतो.

पेट्रोल लागते त्या जोडावर सिलिकॉन लावायचं नाही. पेट्रोलने ते फुगून सुटते आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जातात. कोरडी पॅकिंग, स्वच्छ तोंड, बरोबर टॉर्क, एवढं पुरते.

तपासा: एकाला सीटवर बसवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि वरून पाहा, पहिली पाकळी पूर्ण उभी झाली का? सोडल्यावर झटक्यात परत येते का? रिटर्न स्प्रिंग दोन लावा. आणि एअर क्लीनरच्या डोक्यावर कणकेचा गोळा ठेवून बोनेट हळूच लावून उघडा, गोळा चपटा होऊन १ सें.मी. पेक्षा पातळ झाला असेल तर बोनेट घासणार.

## ७. पेट्रोल, व्हॅक्युम, वायर

पंपावर तीन नळ्या असतात: टाकीतून येणारी, कार्बोरेटरकडे जाणारी, आणि टाकीकडे परत जाणारी. ती परतीची नळी बंद करू नका. नवीन कार्बोरेटरला परतीचं तोंड नाही म्हणून ती टोपी लावून ठोकून टाकतात, आणि मग मे महिन्यात दुपारी गाडी पाच मिनिटं थांबवली की पुन्हा चालू होत नाही. पेट्रोल फिरत राहिलं तर थंड राहते. नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या, जिथे जवळ जाते तिथे उष्णता अडवणारी स्लीव्ह घाला.

वेबरला साडेतीन पीएसआयच्या वर प्रेशर सहन होत नाही, नीडल उचलली जाते आणि पेट्रोल सांडते. गेज लावून एकदा मोजा, जास्त असेल तर रेग्युलेटर.

व्हॅक्युममध्ये तीन जागा महत्त्वाच्या. ब्रेक बूस्टरची जाड नळी मॅनिफोल्डला, तिचा एकाच बाजूने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह मूळ दिशेनेच. इंजिनाचा धूर ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळीही कार्बोरेटरच्या खाली मॅनिफोल्डलाच, ती हवेत मोकळी सोडायची नाही. डिस्ट्रिब्युटर ॲडव्हान्सची नळी मात्र कार्बोरेटरवरच्या त्या तोंडाला जिथे आयडलला व्हॅक्युम नसतो आणि रेस दिल्यावर येतो. बोट लावून कळते. उरलेली सगळी तोंडं रबरी टोपीने बंद.

तपासा: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. दाबून धरूनच स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.

चोक इलेक्ट्रिक असेल तर त्याला आणि पेट्रोल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला करंट चावी चालू असतानाच मिळाला पाहिजे. इग्निशन कॉइलच्या वायरवरून घेऊ नका, स्पार्क कमजोर पडतो.

## ८. एअर फिल्टर

किटसोबत येणारा तो छोटा उघडा फिल्टर काढून ठेवा. काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, आणि पावसाळ्यात नाल्यात पाणी बोनेटखाली उडते. कार्बोरेटरवर बंद टोप बसवून त्यातून जाड होज मूळ फिल्टरच्या डब्याला न्या. बाहेरची हवा डब्यात उंचावरून आली पाहिजे. प्रत्येक जोडावर क्लॅम्प. धुळीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आल्यावर होजच्या आत पांढरं फडकं फिरवा, माती लागली तर फिल्टर नाही, जोड गळतोय.

## ९. पहिला स्टार्ट आणि ट्युनिंग

कूलंट भरा, बॅटरी जोडा. स्टार्ट न करता ॲक्सिलरेटर हलवून वरून पाहा, कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाची पेट्रोलची धार लगेच यायला पाहिजे. येत नसेल तर फ्लोट अजून भरला नाही, थोडं क्रँक करा.

सुरुवातीची मापं: आयडल स्पीडचा स्क्रू पाकळीच्या दांड्याला नुसता टेकेपर्यंत, तिथून दीड आटा आत. मिक्श्चर स्क्रू हलक्या बोटाने बसेपर्यंत आत, मग दोन आटे बाहेर. आवळून बसवू नका, टोकाला खाच पडते आणि ती सुई कायमची गेली.

स्टार्ट करा, पूर्ण गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडला हे डोळ्याने पाहा. आता आधी गळती शोधा. बाटलीच्या फवाऱ्याने मॅनिफोल्डच्या जोडांवर, अडाप्टरच्या काठावर साध्या पाण्याचे बारीक फवारे मारा. कुठे मारल्यावर आवाज बदलला की तिथे हवा घेते. कार्ब क्लीनर मारून पाहणारे आहेत, पण गरम एक्झॉस्टच्या जवळ ते करू नका.

गळती नाही, आता मिक्श्चर:

१. स्क्रू हळूहळू आत, इंजिन अडखळेपर्यंत.
२. मग पाव पाव आटा बाहेर, सगळ्यात गुळगुळीत आणि जास्त आयडल मिळेपर्यंत. प्रत्येक वेळी थोडं थांबा.
३. स्पीड स्क्रूने ८०० ते ९०० आरपीएम करा. पुन्हा १ आणि २.

आता स्क्रू कुठे थांबला ते मोजा, कारण जेट बरोबर आहे का ते इथेच कळते. दीड आट्याच्या आतच इंजिन खूश असेल तर आयडल जेट मोठा आहे. अडीचच्या बाहेर न्यावा लागला तर जेट लहान आहे. जेट ५ ने बदला, ५५ चा ६०, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्पीड स्क्रू दोन आट्यांपेक्षा जास्त आत गेला तर पाकळीने पुढची छिद्रं उघडलेली असतात आणि मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरकच पडत नाही, मग लोकं म्हणतात कार्बोरेटर खराब निघाला.

पांदणीतली सगळी चाल, पहिला-दुसरा गियर, अर्ध्याच्या खालचा ॲक्सिलरेटर, यातलं बरंचसं आयडल जेटवरच चालते. म्हणून मेन जेटच्या आधी हा. एका वेळी एकच जेट, आणि वहीत नोंद.

मेन जेटचा नंबर म्हणजे भोकाचं माप, १४० म्हणजे १.४० मि.मी. ई२० मध्ये इथेनॉल असल्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते: शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई२० ला साधारण साडेतेरा. ई१० च्या काळात बरोबर लागलेला १४० आता थोडा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतो, ४ टक्के इंधन वाढवायला भोक २ टक्केच वाढवावं लागते, म्हणजे १४२ किंवा १४५. एकदम १५५ टाकणाऱ्याला पेट्रोलपंप आवडत असेल.

तपासा: चढावर तिसऱ्या गियरात पूर्ण ॲक्सिलरेटरने ओढून, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा, सुरक्षित जागी थांबून प्लग काढा. फिकट तपकिरी बरोबर, कोरडा काळा रिच (पेट्रोल जास्त), पांढरा फट्ट लीन. लीन गाडी ओझं घेऊन उन्हात पळवू नका, व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळतात. एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर मिळाला तर पूर्ण लोडवर १२.५ ते १३ ठेवा.

## १०. रस्ता, आणि पीयूसी

आधी गावाभोवती, मग लांब. जड चढाची खरी परीक्षा परतवाड्यावरून चिखलदऱ्याला. वर साधारण ११०० मीटरवर हवा विरळ असल्याने गाडी जरा रिच वाटेल, तिथे जेट बदलत बसू नका, खाली आल्यावर तीच गाडी लीन होईल. आडव्या उतारावर आणि तीव्र चढावर इंजिन आयडलला ठेवून एक मिनिट थांबा, बंद पडलं किंवा पेट्रोलचा वास आला तर फ्लोट.

गरम गाडी उन्हात थांबवून पुन्हा चालू होत नसेल तर ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरून क्रँक करा, पंपिंग करू नका, आत आधीच पेट्रोल भरलेलं असते.

दोन-तीनशे किलोमीटर झाले की थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा टॉर्क पान्याने पाहा, कूलंटची पातळी पाहा आणि व्हॅक्युमचा आकडा पहिल्या नोंदीशी ताडून बघा. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटमधलं पेट्रोल रिकामं करा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेते आणि ते तळाशी वेगळं बसते.

मग पीयूसी. बीएस-२ च्या (धुराच्या सरकारी नियमांचा दुसरा टप्पा) आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. तिथे जाताना गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून न्या आणि नळी इंजिन तापलेलं असतानाच लावायला सांगा. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर आयडल जेट एक माप खाली, आणि नऊ नंबरच्या पायरीपासून पुन्हा.